लॉरा आरएसचे ब्रेक: लाल कॅलिपर घेण्याआधी काय तपासलं आणि शेवटी काय घेतलं

गाडी २०१२ची स्कोडा लॉरा आरएस, पुणे पासिंग, सहा गिअरची मॅन्युअल. परदेशातल्या ऑक्टाव्हिया आरएसला त्या काळात २०० पीएसचं दोन लिटर पेट्रोल इंजिन मिळायचं. आपल्याकडे बॅज, सीट आणि बंपर आरएसचे आले, इंजिन मात्र साध्या लॉराचंच राहिलं: १.८ टीएसआय, १६० पीएस, २५० न्यूटन-मीटर. त्यामुळे ज्याच्याकडे ही गाडी असते तो आज ना उद्या ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणं, करून घेतोच. या मालकानेही केलं होतं. रीमॅप, एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट मिळून गाडी २०० पीएसच्या घरात गेली होती आणि ब्रेक कारखान्यातून आले तसेच होते.

मालक माझा जुना मित्र. त्याचा मेसेज आला तोच एका चकचकीत लाल सहा-पिस्टन कॅलिपरच्या फोटोसह. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारा भाग; त्यातले पिस्टन पॅड दाबतात. "हे घेतोय. फक्त ३३० ची डिस्क घेऊ की ३५५ ची ते सांग." त्याला वाटलं होतं मी आकडा कळवेन आणि विषय संपेल. मी विचारलं, गाडीला नेमकं होतंय काय? त्यावर त्याने सांगितलेल्या दोन गोष्टींमुळेच हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट आंबेनळी घाटातली. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना चाकांतून करपल्यासारखा वास यायला लागला, म्हणून मंडळी चहाच्या टपरीवर थांबली. पंधरा-वीस मिनिटांनी निघताना पेडल दाबलं तर ते मऊसूत खाली गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर कुठे ब्रेक लागला. दुसरी गोष्ट कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरच्या ट्रॅक-डेची. तिथे दोन-तीन लॅप झाल्यावर पेडल लाकडासारखं घट्ट व्हायचं, पायाने जीव खाऊन दाबलं तरी गाडी हवी तशी थांबायची नाही. त्याच्या लेखी दोन्हींचं नाव एकच होतं: "ब्रेक फेड". औषधही एकच: मोठा कॅलिपर.

हे दोन वेगळे आजार आहेत.

पेडल मऊ पडून खाली जातं तेव्हा बिघाड ब्रेक ऑइलमध्ये असतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर बुडबुडे चिरडण्यात जातो आणि पिस्टन जागचा हलत नाही. पेडल घट्ट आहे तरी गाडी थांबत नाही, तेव्हा दाब पिस्टनपर्यंत नीट पोचलेला असतो, पण पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेल्याने घर्षण उरलेलं नसतं. तिसराही एक प्रकार असतो, स्टिअरिंग थरथरण्याचा, ज्याला सगळे "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, पॅडचं मटेरियल तिच्यावर असमान बसलेलं असतं. तो या गाडीला नव्हता.

टपरीवरचा प्रसंग तर पाठ्यपुस्तकातच घालावा असा आहे. गाडी चालू असताना डिस्कवर वारा लागत असतो. गाडी उभी केली की वारा बंद. तापलेल्या डिस्कची आणि पॅडची उष्णता पिस्टनमार्गे ऑइलमध्ये झिरपत राहते. उतरताना जे ऑइल उकळण्याच्या काठावर होतं ते चहा पिताना उकळलं.

आता थोडं गणित, कारण इथे गणिताशिवाय बोलणं म्हणजे चहाच्या टेबलावरची चर्चा होते. माणसांसकट गाडी १,५०० किलो धरू. ट्रॅकवर ताशी १६० वरून ६० वर आणायची तर सुमारे १.२७ मेगाजूल ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. त्यातली सत्तर टक्के पुढचे ब्रेक घेतात असं मानलं तर एका डिस्कच्या वाट्याला साधारण साडेचार लाख जूल येतात. डिस्कचं तापणारं लोखंड सहा किलो धरलं तर एका दमात तिचं तापमान दीडशे अंशांनी चढतं. सरळ पट्टा संपेपर्यंत ती थोडी निवते, मग पुन्हा दीडशे. तिसऱ्या लॅपला साध्या पॅडने मान टाकली तर नवल नाही.

घाटाचा हिशेब निराळा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. १,२०० मीटरचा उतार धरला तरी साडेसतरा मेगाजूल होतात, म्हणजे ट्रॅकवरचे तसले चौदा ब्रेक. ते तासाभरात पसरलेले असतात आणि बराचसा भाग इंजिन व हवेचा विरोध खाऊन टाकतो, पण कधी? गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर. "तू कुठल्या गिअरमध्ये उतरत होतास?" थोडा वेळ शांतता. "चौथ्यात. पाचव्यातही असेन." टर्बो गाडीचं छोटं इंजिन चौथ्या-पाचव्यात फारसं अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. या तक्रारीचं निम्मं उत्तर फुकट होतं.

गाडी उचलल्यावर

कर्वेनगरच्या एका गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. आधी बूटमधलं स्टिकर पाहिलं. या कंपनीच्या गाड्यांना स्पेअर चाकाच्या खळग्यात एक कागदी स्टिकर असतं, त्यावर गाडीला कारखान्यात काय काय लावलं त्याचे कोड छापलेले असतात. पुढच्या ब्रेकचा कोड १झेडई होता, म्हणजे २८८ मिमी व्यासाची, २५ मिमी जाडीची हवेशीर डिस्क. याच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे याच सांगाड्यावर बनलेल्या इतर गाड्यांना, २८०, ३१२ आणि ३४५ मिमीच्या डिस्कही लागलेल्या आहेत, त्यामुळे सुटे भाग मागवण्याआधी हे स्टिकर आणि टेप, दोन्ही वापरलेले बरे.

कॅलिपर एका पिस्टनचा, फ्लोटिंग, पिस्टनचा व्यास ५४ मिमी. ७ मिमीच्या ॲलन कीने गाइड पिना सोडवायला घेतल्या. उजवीकडच्या सरळ निघाल्या. डावीकडची खालची पीन फिरेना. हातोडी, गंजावरचा स्प्रे आणि गॅरेजवाल्याच्या चार शिव्या, तेव्हा ती निघाली. तांबूस गंज, वर कुणीतरी पूर्वी थापलेलं ग्रीस आणि त्यात घट्ट बसलेली धूळ. या जातीच्या कॅलिपरमध्ये पिना रबरी बुशांत कोरड्याच बसवायच्या असतात. आपल्याकडे मात्र पीन दिसली की ग्रीस लावायचं, हा गॅरेजधर्म आहे. पॅड समोरासमोर ठेवले: आतला ४ मिमी उरलेला, बाहेरचा ९. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पीन अडकली की बाहेरचा पॅड नुसता सोबतीला असतो. म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक अर्धाच काम करत होता आणि तो अर्धा दुप्पट तापत होता.

डिस्क २३.१ मिमी भरली, हिची किमान मर्यादा २२ मिमी. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं, चार वर्षांत बदललेलं नव्हतं. ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलं की उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ या दर्जाची किमान अट नव्या ऑइलला २३० अंश, आणि ३.७ टक्के पाणी मुरलेल्याला १५५. मुंबई-कोकणात येणंजाणं असलेल्या गाडीत चार वर्षांनी तुम्ही त्या दुसऱ्या आकड्याच्या आसपास असता.

टायर? बाजूवर चार आकडे: २३१८. २०१८ सालचा तेविसावा आठवडा. रबर नखाने दाबलं तर खूणही उमटेना.

मित्र एव्हाना जरा हिरमुसला होता. एवढं सगळं पाहिल्यावर तो म्हणाला, "पण मोठा कॅलिपर घेतला तर हे सगळं आपोआप नवं होईलच ना?" मुद्दा तसा बिनतोड होता. नवा किट घेतला की नव्या डिस्क, नवे पॅड, नवं ऑइल येतंच, गाडी आधीपेक्षा झकास थांबते आणि श्रेय कॅलिपरला मिळतं. असे कितीतरी समाधानी मालक मला भेटले आहेत.

पिस्टनची बेरीज

त्याला आलेले पर्याय चार होते. पहिला तो फोटोतला सहा पिस्टनचा किट, नाव ऐकलेलं नाही, किंमत मात्र मोहात पाडणारी. दुसरा मित्सुबिशी इव्होचे वापरलेले, ब्रेम्बो या ब्रेक कंपनीचे चार-पिस्टन कॅलिपर, सोबत भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर करून घ्यायचा, कॅलिपर गाडीला जोडणारा ब्रॅकेट. तिसरा याच प्लॅटफॉर्मच्या आउडी एस३ चा ३४५ मिमीचा संच. चौथा परदेशी ऑक्टाव्हिया आरएसचा ३१२ मिमीचा संच, आणि त्यात गंमत अशी की कॅलिपर हाच राहतो. २८८ आणि ३१२ मध्ये फरक फक्त डिस्कचा आणि कॅलिपर धरणाऱ्या कॅरिअरचा.

किट विकणारे नेहमी पिस्टन मोजून दाखवतात. एकाच्या जागी चार, म्हणजे चौपट जोर, निदान दुप्पट तरी. इथेच बहुतेक लोक फसतात. फिक्स्ड कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंना पिस्टन असतात आणि ते एकमेकांविरुद्ध दाबतात. फ्लोटिंगमध्ये एकाच बाजूला पिस्टन आणि दुसरीकडून प्रतिक्रिया. रस्सीखेचीत समोर दहा जण ओढत असोत की दोर झाडाला बांधलेला असो, दोरावरचा ताण तेवढाच. म्हणून तुलना करताना फिक्स्ड कॅलिपरच्या फक्त एका बाजूच्या पिस्टनचं क्षेत्रफळ धरायचं.

आपला ५४ मिमीचा एक पिस्टन: २,२९० चौरस मिमी. एका बाजूला ४० आणि ३६ मिमीचे दोन पिस्टन असलेला चार-पिस्टन कॅलिपर: २,२७४. म्हणजे जवळजवळ तेवढाच, कणभर कमीच. इव्होचा ब्रेम्बो, ज्यात ४६ आणि ४० मिमीचे पिस्टन आहेत: २,९१९, म्हणजे २७ टक्के जास्त.

२७ टक्के जास्त ऐकून मित्राचे डोळे चमकले. पण तेवढ्याच पेडलवर जास्त जोर मिळतो तेव्हा तेवढंच जास्त ऑइलही ढकलावं लागतं. पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल लांबतं, ब्रेक खालच्या अंगाला लागतो. शिवाय हा जास्तीचा जोर फक्त पुढे येतो. मागचे ब्रेक जुनेच राहतात, पुढचे टायर लवकर लॉक व्हायला बघतात, एबीएस लवकर मध्ये येतं आणि मागच्या टायरांची पकड न वापरताच राहते. अशी गाडी प्रत्यक्षात आधीपेक्षा लांब थांबू शकते, आणि चालवणाऱ्याला वाटत राहतं की ब्रेक फार जोरदार झाले, कारण पेडलला पाय लावताच नाक खाली जातं. आउडीच्या ३४५ च्या संचालाही हेच लागू. पिस्टन ५७ मिमीचा, त्यात त्रिज्या मोठी, पुढचा ब्रेकिंग टॉर्क (चाक थांबवणारा पीळ) एक तृतीयांशाच्या आसपास वाढतो. आउडीने तो समतोल मागे ३१० मिमीच्या हवेशीर डिस्क देऊन राखला आहे. लोक पुढचं घेतात, मागचं विसरतात.

आणि जोर हवाच कुणाला होता? थंड ब्रेकवर, ताशी ८० ला, जुन्या दगडी टायरवरही याच्या गाडीत एबीएस लागत होतं. एबीएस लागलं याचा अर्थ ब्रेकने टायरची सगळी पकड वापरून झाली. त्यापुढे शंभर पिस्टन लावा, गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. याला कमी पडत होती ती उष्णता मुरवायची आणि वारंवार मुरवायची क्षमता. ती डिस्कच्या वजनात, पॅडच्या मिश्रणात आणि ऑइलच्या उत्कलनबिंदूत असते.

ब्रॅकेट, चाक आणि चिखल

भोसरीच्या ब्रॅकेटबद्दल मित्र फार उत्साहात होता. "ड्रॉइंग देऊ, आठवड्यात पार्ट हातात." हे खरं आहे, भोसरीत काय वाट्टेल ते मिळतं आणि फिनिश बघून डोळे निवतात. पण त्या ब्रॅकेटवर काय येतं ते पाहू. टायर पुरेपूर पकड देत असताना एका पुढच्या चाकावर रस्त्याचा विरोध पाच हजार न्यूटनच्या वर जातो. चाकाची त्रिज्या सुमारे ३१ सेंमी, कॅलिपरची परिणामी त्रिज्या १३ सेंमी. म्हणजे कॅलिपरला डिस्क बारा हजार न्यूटनने ओढते, सव्वा टन. प्रत्येक जोरदार ब्रेकला, तापलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून, दोन बोल्टांवर. कुठला मिश्रधातू, कोपऱ्यांना किती गोलाई, आटे ॲल्युमिनियममध्येच पाडले की स्टीलचे इन्सर्ट घातले, हे विचारल्यावर त्याने दाखवलेल्या ड्रॉइंगमध्ये यातलं काहीच नव्हतं. ज्याने आयुष्यात थकवा-चाचणी (पुन्हा पुन्हा भार देऊन भाग कधी तडकतो ते बघणं) केलेली नाही त्याने ब्रेकचा ब्रॅकेट डिझाइन करू नये, या मताशी मी ठाम आहे. यावरून आमची थोडी वाजलीही.

सहा-पिस्टनचा किट बाद झाला तो पुठ्ठ्यामुळे. चांगले उत्पादक कॅलिपरचा पूर्ण मापाचा साचा देतात, तो छापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा आणि चाकात आतून फिरवून बघायचा. गॅरेजच्या फरशीवर बसून आम्ही ते केलं. रिमच्या आतल्या घेराला पुठ्ठा लागत नव्हता, पण आऱ्यांना सरळ सरळ घासत होता. फिक्स्ड कॅलिपरचे बाहेरच्या बाजूचे पिस्टन आऱ्यांकडे पोट काढून असतात. म्हणून नुसता "१७ इंचांत बसतो" हा दावा अपुरा असतो. मग एक तर चाक बाहेर सरकवणारा स्पेसर, नाही तर १८ इंची चाकं. १८ इंची चाकावर टायरची भिंत बारीक होते आणि पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते लक्षात घेता रिम वाकणं ठरलेलं. १७ वरच राहायचं, हे मालकाने स्वतःच ठरवलं.

त्या किटच्या पिस्टनवर धुळीपासून वाचवणारे रबरी बूटही नव्हते. शर्यतीच्या कॅलिपरला ते नसतात, कारण ते दर थोड्या दिवसांनी उघडले जातात आणि तिथल्या तापमानात रबर करपतं. ताम्हिणीत जुलैमध्ये गाडी नेणाऱ्याने असा कॅलिपर लावला तर चिखल थेट पिस्टनच्या सीलपर्यंत जातो. आणि खऱ्या ब्रेम्बोच्या नावाखाली खोटा माल भरपूर फिरतो. ब्रेम्बोचा कारखाना चाकणला आहे, म्हणून "चाकणहून डायरेक्ट काढून देतो" असं सांगणारे भेटतात. तिथे दुचाकींचे ब्रेक बनतात.

काय केलं

ठरलं ते असं: ३१२ मिमीच्या डिस्क आणि त्यांचे कॅरिअर, जुनेच कॅलिपर नवे सील, नवे बूट आणि नव्या पिना घालून, चांगले पॅड, नवं ऑइल आणि टायर. याच मापाच्या डिस्क दुसऱ्या पिढीच्या सुपर्बच्या काही मॉडेलांना लागतात, त्यामुळे पुढेही मिळण्याची पंचाईत नाही. भोकं पाडलेल्या डिस्क मी घेऊ दिल्या नाहीत. सतत तापण्या-निवण्याने भोकांच्या कडांपासून भेगा सुरू होतात, आणि भोकांमुळे तेवढं लोखंडही कमी होतं, जे आपल्याला जास्त हवं होतं.

१२ मिमी जास्त त्रिज्येमुळे त्याच दाबाला सुमारे दहा टक्के जास्त टॉर्क मिळतो. पुढे-मागे समतोल किंचित ढळतो, मागे जरा चांगले पॅड घालून तो सावरता येतो. पॅडसाठी फेरोडोचे डीएस२५०० घेतले. थंड असतानाही पकडतात आणि ट्रॅकवर साध्या पॅडपेक्षा बरंच जास्त तापमान सोसतात. पूर्ण शर्यतीचा पॅड का नाही? तो थंड असताना चावत नाही, आणि सकाळी सहाला सोसायटीच्या उतारावर ब्रेक थंडच असतो. डीएस२५०० किंचाळतात, धूळ सोडतात आणि डिस्क लवकर खातात. मालकाला ते आधी सांगून ठेवलं. ऑइल मोटूलचं आरबीएफ ६००, कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश. अशी ऑइलं पाणीही पटकन शोषतात, म्हणून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीत ती वर्षाला बदलायची. डॉट ५ च्या वाटेला जायचं नाही, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही.

बसवण्यात फारशी कथा नाही. डिस्कमागचा पत्रा जरा वाकवावा लागला, कॅरिअरचे बोल्ट नवे घेतले, टॉर्क रेंचने आवळले. खर्च, टायर सोडून, फोटोतल्या किटच्या निम्म्याहून कमी.

नवे पॅड बसवून थेट घाटात जायचं नसतं. पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर बसावा लागतो. पुण्याजवळ नानोलीला ट्रॅक झाल्यापासून हे काम सोपं झालंय, नाहीतर लोक पहाटे महामार्गावर करतात, जे करू नये. ताशी १०० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, एकामागून एक ब्रेक लावत जायचं, दर वेळी जरा जास्त जोर. वास यायला लागला की ब्रेक न लावता गाडी फिरवून निववायची. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की त्या जागी पॅडचा ठसा उमटतो आणि मग ती थरथर सुरू होते.

ट्रॅकवर मी डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे तीन रंग लावले. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात. हे सगळं मिळून एका पॅड-जोडीपेक्षाही स्वस्त असतं, आणि कॅलिपरवर लाख-दोन लाख घालायला निघालेल्या माणसाने आधी हे लावलेलं मी क्वचितच पाहिलंय. आमच्या गाडीत हिरवा पूर्ण गेला, नारिंगी तसाच राहिला. म्हणजे डिस्क ४३० च्या वर गेली, ५६० ला पोचली नाही. पॅडच्या आवाक्यात. पेडल शेवटपर्यंत जागेवर होतं. त्यानंतरच्या आंबेनळीत मालक तिसऱ्या गिअरमध्ये उतरला आणि घाटात तक्रार उरली नाही.

आणि तरीही कॅलिपर बदलला

प्रकरण इथे संपलं असतं तर बरं झालं असतं, निदान माझ्यासाठी. पण मालकाला ट्रॅकची चटक लागली, मग मोठा टर्बो लागला, आणि पट्ट्याच्या शेवटी येणारा वेग वाढला. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १६० चे १८० झाले तर ६० पर्यंत येताना घालवायची ऊर्जा ३१ टक्क्यांनी वाढते. रंग पुन्हा लावले. या वेळी नारिंगीच्या कडा पांढऱ्या पडल्या. पॅड एका शनिवार-रविवारी निम्म्यावर आले, तेही तिरपे झिजून, कारण तापलेला फ्लोटिंग कॅलिपर जोरात दाबताना थोडा उघडतो.

या टप्प्यावर कॅलिपर बदलायला माझी ना नव्हती. आता कारण होतं. चार-पिस्टनचा फिक्स्ड कॅलिपर ताठ असतो, पॅड लांब आणि जाड असतो, सपाट झिजतो, आणि बऱ्याच कॅलिपरमध्ये वरच्या पिना काढून कॅलिपर न उतरवता पॅड बदलता येतो. ट्रॅकवर दोन सत्रांच्या मधे ते वरदान आहे. निवडीच्या अटी आम्ही आधी कागदावर लिहिल्या आणि मग कॅटलॉग उघडले. एका बाजूचं पिस्टन-क्षेत्रफळ २,२९० च्या आसपास. धुळीचे बूट हवेत. पॅडचा आकार असा की दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्या तो बनवतात. ब्रॅकेट उत्पादकाचाच, याच गाडीसाठी केलेला. सीलचा संच सुटा मिळायला हवा. आणि पुठ्ठा चाकात फिरला पाहिजे. एवढ्या अटींतून एकच किट उरला: ४० आणि ३६ मिमीचे पिस्टन, ३३० मिमीची, २८ मिमी जाड, मधे ॲल्युमिनियमची टोपी असलेली दोन तुकड्यांची डिस्क. रंग करडा. लाल मिळत होता, दोन महिने थांबावं लागलं असतं, आणि मित्र थांबला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्याच टायरवर, त्याच ठिकाणी, जीपीएस लॉगर लावून ताशी १०० वरून पूर्ण थांबण्याचं अंतर मोजलं. ३१२ च्या संचाइतकंच. जो थोडाफार फरक दिसला तो एका धावेत आणि दुसऱ्या धावेत तसाही पडतोच. बदललं ते बाकीचं सगळं: पेडलची पहिली पकड वर आली आणि सत्रभर तिथेच राहिली, नारिंगी रंग शाबूत राहिला, पॅड सपाट झिजू लागले आणि जास्त टिकले. पैसे ३१२ च्या कामाच्या तिपटीहून जास्त गेले.

कागदपत्रांचं एवढंच: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक अर्थाने वाचलं आहे. आरसीवर कॅलिपरचा उल्लेख नसतो, पण विमा कंपनीला बदल लेखी कळवलेला बरा, आणि पावत्या जपायच्या. पॅड घेताना पाठीवर ई-खूण आणि आर९० (बदली पॅडचा मान्यता-नियम) चा मान्यता क्रमांक आहे का ते बघायचं. शर्यतीच्या पॅडवर तो नसतो, तेव्हा ते ट्रॅकपुरतेच.

मागच्या चाकांचं काम बाकी आहे. तिथे साधे, हवेची पोकळी नसलेले डिस्क आहेत आणि हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये असल्याने फिक्स्ड कॅलिपर घालायचा तर हँडब्रेकसाठी वेगळी सोय करावी लागते. मालकाने परवा मागच्या कॅलिपरचा एक फोटो पाठवलाय. मी त्याला रंगाच्या तीन बाटल्या पाठवल्या आहेत.